विश्लेषण : सहा बोटांचा, पाठीपर्यंत मान वळवणारा नॉर्वेचा 'लुंडेहुंड' पाळण्यासाठी कसा?

उंची जेमतेम दीड वीत, वजन सहा-सात किलो, कोल्ह्यासारखा तोंडवळा आणि प्रत्येक पायाला किमान सहा बोटे. नॉर्वेच्या एका बेटावर समुद्रपक्षी पकडण्यासाठी सांभाळलेला लुंडेहुंड हा जगातील दुर्मीळ श्वानांपैकी एक. साठ वर्षांपूर्वी या जातीची अवघी सहा कुत्री उरली होती. ती जात वाचली, पण वाचवण्याची किंमत आजही प्रत्येक पिल्लू स्वतःच्या आतड्यांवर मोजत आहे. हा कुत्रा आहे तरी कसा, घरात तो कसा वागतो आणि तो पाळण्याआधी काय माहीत असायला हवे?

लुंडेहुंड म्हणजे कोणता कुत्रा?

नॉर्वेजियन भाषेत 'लुंडे' म्हणजे पफिन हा समुद्रपक्षी आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. त्यामुळे इंग्रजीत त्याला 'पफिन डॉग' असेही म्हणतात. उभे कान, टोकदार तोंड, दाट दुहेरी केस आणि वळलेली शेपटी ही 'स्पिट्झ' गटाची सारी लक्षणे त्याच्यात आहेत. आपल्याकडे घरोघरी 'पॉमेरेनियन' म्हणून ओळखला जाणारा पांढरा कुत्राही याच गटातला. लुंडेहुंडचा रंग मात्र बहुधा तांबूस-तपकिरी असतो. केसांची टोके काळसर आणि छाती, मान, पाय यांवर पांढरे पट्टे दिसतात. नराची उंची ३५ ते ३८ सेंटिमीटर आणि वजन साधारण सात किलो, तर मादी ३२ ते ३५ सेंटिमीटर आणि सहा किलोच्या आसपास. आयुर्मान १२ ते १४ वर्षे धरले जाते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत तो २६५व्या क्रमांकावर आहे. अमेरिकन केनेल क्लबने त्याला २०११मध्ये पूर्ण मान्यता दिली.

सहा बोटे आणि लवचीक मान कशासाठी?

साधारण कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी एकूण १८ बोटे असतात. लुंडेहुंडला किमान २४. काही कुत्र्यांच्या मागच्या पायांवर मांसात लोंबणारे एखादे जादा नख दिसते, तसा हा प्रकार नाही. या बोटांना हाडे आणि सांधे आहेत आणि पुढच्या पायाची पाच बोटे प्रत्यक्ष जमिनीवर टेकतात. निसरड्या खडकावर चढताना आणि अरुंद बिळात स्वतःला पुढे ढकलताना त्यांचा आधार मिळतो.

बाकीच्या शरीराची ठेवणही तशीच. पुढचे दोन्ही पाय बाजूला सरळ, जवळजवळ काटकोनात पसरतात. त्यामुळे कड्यावर पाय घसरला तरी कुत्रा अंग सपाट करून पकड घेऊ शकतो. मान मागे इतकी वळते की कपाळ पाठीला टेकते. बिळात अडकल्यावर मागे फिरायला हे उपयोगी पडते. कानही पाळीपाशी दुमडून बंद करता येतात, म्हणजे आत माती-पाणी जात नाही.

पफिन हा पक्षी समुद्राकाठच्या उतारावर जमिनीत बीळ करून किंवा खडकांच्या कपारीत अंडे घालतो. माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. छोटा, चपळ आणि वाट्टेल तसा वळणारा कुत्रा मात्र आत शिरून पक्षी पकडून आणू शकतो. उत्तर नॉर्वेच्या बेटांवर पफिनचे मांस खारवून हिवाळ्यासाठी ठेवले जाई, तर पिसे गाद्या-उशांसाठी वापरली जात. चांगला लुंडेहुंड एका दुभत्या गाईच्या मोलाचा, असे तिथे म्हटले जाई. शेती नसल्यात जमा असलेल्या बेटावर त्या उपमेचे वजन सहज कळेल.

एका बेटावर ही जात कशी टिकली?

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे लोफोटेन द्वीपसमूह आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे वेरॉय हे बेट. या बेटावर पफिन पकडण्यासाठी कुत्री वापरली जातात, अशी नोंद एरिक हान्सेन शोनेबॉल या अधिकाऱ्याने १५९१मध्ये केली होती. म्हणजे ही परंपरा किमान चार शतकांची.

एकोणिसाव्या शतकात पफिन पकडण्यासाठी जाळी वापरात आली. जाळ्याला रोज खायला घालावे लागत नाही. त्यात कुत्र्यांवर कर बसला. कामाविना कुत्रा पोसणे गरीब मच्छीमारांना परवडेना आणि किनाऱ्यावरील बहुतेक ठिकाणांहून लुंडेहुंड नाहीसा झाला. वेरॉयच्या एका टोकाला असलेल्या मोस्ताद या गावात मात्र तो टिकून राहिला. मोस्तादला आजही गाडीरस्ता नाही. बोटीने किंवा डोंगरवाटेने चालतच तिथे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत गाव रिकामे झाले. पण तोवर गावाने ही जात जपली होती.

अवघी सहा कुत्री उरली, ती कशी?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिगुर्ड स्काउन यांनी या कुत्र्याविषयी लिहिले आणि त्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले. दक्षिण नॉर्वेतील हामार परिसरात श्वानपालन करणाऱ्या एलेनॉर क्रिस्टी यांनी मोस्ताद गावातील मोनराड मोस्ताद यांच्याशी संपर्क साधला. महायुद्धाच्या तोंडावर चार पिल्ले त्यांच्याकडे आली आणि तिथे ती वाढू लागली.

हा निर्णय पुढे फार मोलाचा ठरला. युद्धकाळात वेरॉयवर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची साथ आली. आज पिल्लांना जी लस सर्रास दिली जाते, ती तेव्हा बेटावर नव्हती. बेटावरची जवळपास सगळी कुत्री दगावली. क्रिस्टी यांनी आपल्याकडची काही कुत्री परत बेटावर पाठवली. त्यानंतर साथ त्यांच्याही घरी पोहोचली. पुढे १९६३च्या सुमारास पुन्हा साथ आली आणि जगात सहा लुंडेहुंड उरले. एक वेरॉयवर, पाच मुख्य भूमीवर. ती पाचही एकाच आईची.

त्याच सुमारास, १९६२मध्ये, नॉर्वेत लुंडेहुंड क्लब स्थापन झाला. कोणत्या नराचा कोणत्या मादीशी मेळ घालायचा याची काटेकोर नोंद ठेवत प्रजनन सुरू झाले. आज जगभर या जातीची सुमारे दीड हजार कुत्री असल्याचा अंदाज आहे. त्यातली बरीचशी नॉर्वेत आणि इतर युरोपीय देशांत, काही अमेरिकेत.

'हिमयुगातला कुत्रा' हा दावा खरा का?

लुंडेहुंडबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हा हिमयुगाच्या आधीच्या आदिम श्वानाचा थेट वंशज आहे. जबड्यात इतर कुत्र्यांपेक्षा दात कमी असतात, हा त्यासाठीचा पुरावा. गोष्ट आकर्षक आहे, पण जनुकीय अभ्यास तिला दुजोरा देत नाहीत. हा इतर पाळीव कुत्र्यांसारखाच कुत्रा आहे आणि त्याचे जवळचे नातेवाईक उत्तर युरोपातील स्पिट्झ जातींमध्येच सापडतात. त्याचे वेगळेपण माणसाने कामासाठी केलेल्या निवडीतून आणि बेटावरच्या एकलेपणातून आले आहे. पिल्लू विकताना कोणी 'आदिम' वंशाचे पैसे मागत असेल, तर हे लक्षात ठेवलेले बरे.

घरात हा कुत्रा कसा वागतो?

लुंडेहुंड माणसांवर धावून जाणारा कुत्रा नाही. घरच्यांशी तो खेळकर, मायाळू आणि काहीसा खोडकर असतो. अनोळखी माणसाला मात्र जवळ यायला वेळ लावतो. मोठ्या आवाजाने बिचकतो. म्हणूनच पिल्लू असताना त्याला वेगवेगळी माणसे, आवाज, रस्ते, जिने आणि इतर कुत्री यांची सवय लावणे अत्यावश्यक ठरते. ही सवय लागली नाही, तर मोठेपणी तो भित्रा होतो आणि ते बदलणे कठीण जाते.

ज्या गुणांमुळे तो कड्यावर उपयोगी होता, तेच गुण घरात त्रासाचे ठरू शकतात. तो चढतो. बुटके कुंपण त्याला अडवत नाही. तो उकरतो. बागेतली माती आणि सोफ्याची फट दोन्ही त्याला बिळासारखीच. खाऊ कुठेतरी लपवून ठेवण्याची सवयही अनेकांना असते. कड्यावर मालकाच्या हुकमाची वाट न पाहता काम करावे लागे, त्यामुळे तो स्वतःच्या डोक्याने चालतो. 'बस' म्हटल्यावर लगेच बसेल याची खात्री नाही. ओरडून, रागावून शिकवले तर तो आणखी दूर जातो. छोटे-छोटे सराव, खाऊचे बक्षीस आणि भरपूर संयम यानेच काम होते.

सर्वात जास्त तक्रार असते ती शी-शू बाहेर करण्याची सवय लागण्याबद्दल. इतर जातींची पिल्ले काही महिन्यांत शिकतात. लुंडेहुंडला जास्त काळ लागतो आणि काही कुत्री पूर्णपणे शिकतच नाहीत. छोट्या सदनिकेत, गालिचा अंथरलेल्या घरात ही बाब किरकोळ नाही.

आकार लहान असला, तरी दिवसभर मांडीवर बसणारा हा कुत्रा नव्हे. रोज चांगला फेरफटका आणि डोक्याला काम हवे. पक्षी दिसला की तो मागे धावतो, म्हणून मोकळ्या जागी पट्टा सोडणे धोक्याचे. केस वर्षभर थोडे आणि हंगामात भरपूर गळतात. आठवड्यातून एक-दोनदा विंचरले की पुरते. नखे मात्र २४. ती वेळेवर कापली नाहीत, तर जमिनीला न टेकणाऱ्या बोटांची नखे वाढून मांसात रुततात.

'लुंडेहुंड सिंड्रोम' काय आहे?

हा कुत्रा घ्यायचा की नाही, याचा निर्णय प्रामुख्याने या प्रश्नावर अवलंबून असायला हवा. सहा कुत्र्यांपासून हजार-दीड हजार कुत्री झाली, याचा अर्थ त्यातील प्रत्येक कुत्रा दुसऱ्याचा जवळचा नातेवाईक आहे. आजोबा, पणजोबा तेच ते. जनुकांमधील वैविध्य जवळपास संपलेले. अशा वेळी एखादा दोष शिरला, तर तो बाहेर पडायला वाटच राहत नाही.

लुंडेहुंडमध्ये असा दोष पचनसंस्थेत आहे. आतड्यांतील लसिकावाहिन्या फुगतात आणि रक्तातील प्रथिने आतड्यात गळून शौचावाटे निघून जातात. अन्नातील स्निग्धांश नीट शोषला जात नाही. जठराचा दाह, आतड्यातील जिवाणूंची अवाजवी वाढ आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेही सोबत आढळते. जुलाब, उलट्या, वजन घटणे, मरगळ ही नेहमीची लक्षणे. प्रथिने फार कमी झाली, तर पायांवर सूज येते, पोटात पाणी साठते आणि जीवही जाऊ शकतो. अनेक विकारांच्या या एकत्रित चित्रालाच 'लुंडेहुंड सिंड्रोम' म्हणतात.

सगळ्या कुत्र्यांना त्रास सारखाच होतो असे नाही. काही आयुष्यभर धडधाकट राहतात, काहींना अधूनमधून झटके येतात, काही तरुणपणीच दगावतात. पिल्लू पाहून पुढे काय होईल हे सांगता येत नाही. आजारावर कायमचा इलाज नाही. नियंत्रण ठेवता येते ते आहारातून. कमी चरबीचे, सहज पचणारे आणि भरपूर प्रथिने असलेले अन्न, दिवसातून थोडे-थोडे करून. गरजेप्रमाणे ब-१२ची इंजेक्शने आणि पशुवैद्यकाने दिलेली औषधे. रक्तातील अल्ब्युमिन आणि एकूण प्रथिनांची नियमित तपासणी केली, तर लक्षणे दिसण्याआधीच बिघाड कळू शकतो. ताटात उरलेले तळलेले किंवा तुपकट खाणे या कुत्र्याला लाडाने घालणे म्हणजे आजाराला बोलावणे.

दुसरा परिणाम प्रजननावर झाला आहे. एका वेळी दोन-तीनच पिल्ले होतात. त्यामुळे पिल्लासाठी नाव नोंदवून थांबावे लागते. दुकानात किंवा ऑनलाइन जाहिरातीत 'लगेच मिळेल' असा लुंडेहुंड दिसला, तर तो लुंडेहुंड असण्याचीच शक्यता कमी.

संकराचा प्रयोग काय आहे आणि त्यावर वाद का?

बंद खोलीतली हवा आतल्या आत फिरवून ताजी होत नाही, खिडकी उघडावी लागते. २०१०च्या दशकात नॉर्वेतील लुंडेहुंड क्लब आणि नॉर्वेजियन केनेल क्लबने ती खिडकी उघडली. नॉर्वेजियन बुहुंड, आइसलँडिक शीपडॉग आणि स्वीडनचा नॉर्बोटेनस्पिट्झ या तीन जवळच्या उत्तरी जातींशी लुंडेहुंडचा नियंत्रित संकर सुरू झाला. संकरित पिल्लांचा पुढच्या पिढ्यांत पुन्हा लुंडेहुंडशी मेळ घालायचा, जादा बोटे व लवचीकपणा टिकवायचा आणि नवी जनुकेही आत ठेवायची, अशी ही आखणी. संकरित पिल्लांमध्ये जनुकीय वैविध्य लक्षणीय वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

आक्षेप असा की, पहिल्या पिढीतील पिल्ले लुंडेहुंडसारखी दिसतातच असे नाही. मग चारशे वर्षे जपलेली जात 'शुद्ध' राहिली का? त्याला उत्तर दिले जाते ते असे की, शुद्धतेच्या हट्टापायी जात आजारी राहून संपली, तर जपणार काय? शिवाय संकराचा फायदा एका पिढीत दिसत नाही. अनेक पिढ्या, अनेक पालक आणि काटेकोर नोंदी लागतात.

हा वाद केवळ श्वानप्रेमींच्या बैठकीपुरता नाही. नॉर्वेच्या २००९च्या प्राणी कल्याण कायद्याचे २५वे कलम सांगते की, प्राण्याच्या आरोग्याला बाधा येईल असे प्रजनन करू नये. याच कलमाच्या आधारे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीच्या प्रजननाविरुद्ध प्राणी संरक्षण संघटनेने दावा लावला. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या जातीचे सध्याच्या पद्धतीचे प्रजनन बेकायदा ठरवले. तो खटला लुंडेहुंडचा नव्हता. पण 'जात टिकवणे' हे कारण 'कुत्र्याचे आरोग्य' या कसोटीपुढे पुरेसे नाही, हा संदेश नॉर्वेतील प्रत्येक श्वानपालकापर्यंत पोहोचला.

आता या कुत्र्याला काम काय?

पफिनची संख्या झपाट्याने घटली आहे. वेरॉयशेजारच्या रॉस्ट बेटांवर एकेकाळी प्रचंड असलेली वसाहत पिल्लांना पुरेसे मासे न मिळाल्याने वर्षानुवर्षे आक्रसत गेली. नॉर्वेत या पक्ष्याला आता संरक्षण आहे. ज्या कामासाठी हा कुत्रा घडला, ते काम करायला त्याला मनाई आहे. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो विमानतळावर मात्र धावपट्टीजवळची पक्ष्यांची अंडी शोधण्यासाठी लुंडेहुंडचा वापर झाला. पक्षी आणि विमानाची टक्कर टळावी, हा हेतू. असे अपवाद सोडले, तर आज त्याचे स्थान माणसाच्या घरातच आहे.

भारतात किंवा मराठी घरात त्याला आणता येईल का?

नोकरीनिमित्त ऑस्लो, स्टॅव्हॅन्गर अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा कुत्रा प्रत्यक्ष पाहायला मिळू शकतो, काहींना पाळण्याची इच्छाही होऊ शकते. तिथे १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात वन्यजीव आणि चरणाऱ्या जनावरांच्या रक्षणासाठी कुत्र्याला देशभर पट्ट्याने बांधून फिरवणे सक्तीचे आहे. हिवाळ्यात अंधार आणि बर्फ असला तरी रोजचा फेरफटका चुकत नाही, हेही आधी ठरवावे लागते.

भारतात आणायचा तर प्रश्न वाढतात. व्यावसायिक प्रजननासाठी कुत्रे आयात करण्यावर केंद्र सरकारने २०१६मध्ये निर्बंध घातले. परदेशातून परतताना स्वतःचा पाळीव कुत्रा आणायचा, तर मायक्रोचिप, रेबीजसह लशींच्या नोंदी, निघण्याच्या देशातील सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि भारतातील पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेची परवानगी लागते. कागद जमले, तरी हवामानाचे काय? आर्क्टिक वाऱ्यासाठी असलेले दुहेरी केस अंगावर घेऊन मुंबईचा दमट मे किंवा नागपूरचा उन्हाळा काढणे म्हणजे कुत्र्याला शिक्षाच. त्यात या जातीच्या आतड्याच्या विकाराची माहिती असलेला पशुवैद्यक जवळ असेलच असे नाही. त्यामुळे हौस म्हणून हा कुत्रा इथे आणणे शहाणपणाचे ठरत नाही.

पिल्लू घेण्याआधी काय विचारावे?

थंड देशात राहणाऱ्या, वेळ आणि संयम असलेल्या माणसासाठी लुंडेहुंड उत्तम सोबती ठरू शकतो. मात्र पिल्लू देणाऱ्याला काही प्रश्न विचारायलाच हवेत. आई-वडिलांच्या रक्तातील प्रथिनांच्या तपासण्या झाल्या आहेत का, अहवाल पाहायला मिळतील का? आधीच्या पिल्लांपैकी किती आजारी पडली, किती वयात? पिल्लू कोणते अन्न खात आहे? त्याची नोंद क्लबकडे आहे का? ते संकर प्रकल्पातील आहे का? पुढे काही कारणाने सांभाळता आले नाही, तर तुम्ही परत घ्याल का? प्रामाणिक श्वानपालक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तोच समोरच्याला घर, वेळ आणि खर्चाची तयारी याबद्दल खोदून विचारतो.

स्वतःलाही दोन प्रश्न विचारावे लागतात. घरात वर्षानुवर्षे अधूनमधून फरशी पुसावी लागली तर चालेल का? आणि ऐन तारुण्यात कुत्रा आजारी पडला, तर तपासण्या, पथ्याचे अन्न आणि जागरणे यांची तयारी आहे का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तरच पुढे जावे. मोस्तादच्या लोकांनी गरज म्हणून हा कुत्रा जपला, क्रिस्टींसारख्यांनी जिद्दीने वाचवला. आता त्याला सुदृढ ठेवण्याची जबाबदारी जितकी प्रजनन करणाऱ्यांची, तितकीच पिल्लू घरी नेणाऱ्याचीही आहे.